आवणीत बंद केलेल्या गोळ्या

आई, कल्याणच्या डॉक्टरांकडून आपण एसटीनं टोकावड्याला परतलो, तो दिवस आज सकाळपासून डोळ्यांपुढून हलत नाही. सहा महिने तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. भगताचे अंगारे झाले, लोकांचे टोमणे झाले. डॉक्टरांनी मात्र सरळ सांगितलं, हा उदासपणाचा आजार आहे, आळस नाही. गुण यायला महिना लागेल, आणि बरं वाटलं तरी गोळी थांबवायची नाही. मी दहावीत होते. मान मीच डोलावली होती.

गुण आला. तू चूल पेटवलीस, माझी वेणी घातलीस, इतकी घट्ट की मी ओरडले. तेवढ्यात आवणी, भातलावणीचे दिवस आले. आपल्याकडे सावड, चार घरांनी येऊन आपलं भात लावून दिलं की आपणही त्यांच्या खाचरात उतरायचं. गोळीमुळे तुला सकाळी उठवत नसे. बांधावरून शेजारची काकू ओरडली, "आई कुठं हाय गो तुझी? आमची आवणी आली नि झोपते काय?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काकूवर नाही, तुझ्यावर. त्या दिवसापासून तुझ्या हातावर गोळी ठेवणं मी बंद केलं. तू विचारलंस, "आज गोळी नाय?" मी म्हटलं, "डॉक्टर बोलले, आता गरज नाय."

तू विश्वास ठेवलास. पुढे आठ-दहा दिवस तू सगळ्यांच्या पुढे रोपं लावत होतीस आणि मी मनात म्हणत होते, बघा, झाली की नाही बरी! माणूस कामाला उभा राहिला की बरा, एवढंच आम्हाला कळत होतं. भात पोटरीला आलं, कणसं बाहेर पडायच्या बेतात, आणि तू पुन्हा अंथरूण धरलंस. मी धावत डब्यातून गोळ्या काढते, तुझ्या तोंडाशी नेते, पण तू ओठ उघडत नाहीस. पाणीसुद्धा गालावरून ओघळतं. कापणीच्या आधी तू गेलीस.

गेल्या वर्षी त्याच आजारानं मलाही गाठलं. मुरबाडहून गोळ्या आणते, न चुकता घेते, आणि बरी आहे. याचाच मला जास्त राग येतो. तूही अशीच बरी राहिली असतीस.

बाबा अजून म्हणतात, "तिनंच गोळ्या सोडल्या, तिला जगायचंच नव्हतं." मी त्यांचं ताट वाढते. तुला लिहिलेला हा कागदही आता चुलीत घालणार आहे. बाबांना वाचता येतं.