तीन जोडठोके

मास्तर, काल आपल्या शाळेत झेंडावंदनाला बँड वाजला. गावातली सगळ्यांत म्हातारी माणसं म्हणून आम्हां दोघांना खुर्च्या दिल्या होत्या. एक मला, दुसरी खालच्या वाडीच्या त्याला. तुमच्या पथकात मोठा ढोल पाठीवर घेऊन माझ्यापुढं चालायचा, तोच. पोरं पांढरे बूट आपटत गेली. वरच्या वाडीची एका रांगेत, खालची दुसऱ्या. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं.

तुम्ही भोरहून आलात तेव्हा संस्थानचं राज्य होतं. तुमच्याकडं एक बिगुल होतं आणि चेपलेला ढोल. आमच्या दोन वाड्यांत ओढ्याकाठच्या भातखाचरावरून दोन खून पडले होते आणि शाळेतसुद्धा दोन कोपरे होते. तुम्ही कुणाला समजावलं नाहीत. एवढाच नियम केलात की ढोल एका वाडीच्या पाठीवर आणि काठी दुसऱ्या वाडीच्या हातात. पहिल्या दिवशी तो मान वळवून मला म्हणाला, "पाठीत घातलीस तर ढोलासकट आंगावर पडंन, चिपाड हायेस, मरशीला." पोरं हसली, तुम्हीही हसलात. मग तुम्ही फळ्यावर पादाकुलक वृत्त लिहिलंत. आठ आणि आठ, सोळा मात्रा. म्हणालात, "कविता पायांनीसुद्धा पाठ होते." मला कवितेचं वेड लागलं ते तिथं. अजून वाटेनं चालताना मी मात्रा मोजतो. चार महिने आम्ही ओढ्याच्या उतारावरून वर-खाली चालत राहिलो, आणि त्या चार महिन्यांत कुणी कुणावर काठी उचलली नाही. त्याची आई मला ताकाचा तांब्या द्यायची. माझी आई बघायची आणि तोंड फिरवायची, पण नको म्हणायची नाही.

भाताची कापणी चाललेली. उत्रोलीवरून भोरला चालत जाऊन राजवाड्यापुढं वाजवायचं ठरलेलं, त्याच्या आदला दिवस. दुपारचं ऊन आहे, तुम्ही पुढं बिगुल पुसत उभे आहात, आम्ही ओढ्यात गुडघाभर पाण्यात. आमच्याकडं रानडुकरं भातात शिरली की ढोलावर तीन जोडठोके देऊन थांबायचं, पुन्हा तीन द्यायचे. भांडणालाही तीच हाक. ऐकली की हातातलं टाकून धावायचं, कशाला ते विचारायचं नाही. तुम्ही शहरातले, तुम्हांला हे ठाऊकही नव्हतं. मला ठाऊक होतं. एवढा मोठा ढोल आमच्या वाडीत कधी नव्हता. याचा आवाज पार वरपर्यंत जातो का, तेवढंच बघायचं होतं मला. दिले तीन जोडठोके. थांबलो. पुन्हा दिले.

तो दचकून म्हणाला, "आरं, ह्ये काय वाजवतूस?"

"मास्तर म्हणालं," मी म्हणालो.

वरून माझा चुलता आणि माणसं हातातल्या कोयत्यांसकट उतरली. ती बघून खालची चढली. तुम्ही मधे उभं राहून बिगुल वाजवत राहिलात, थांबायचा इशारा वाजवत होतात, तो फक्त आम्हां पोरांना कळत होता. आम्ही सगळी थांबलो, मास्तर. जागच्या जागी, टाचा जुळवून. त्याच्या बापानं पाहिलं की पोरगं ढोलाच्या पट्ट्यात अडकलंय आणि मागं मी काठी घेऊन उभा. तो आमच्याकडं धावला. चुलत्याला वाटलं, माझ्यावर आला. पुढचं लिहीत नाही. ढोलाचं कातडं भिजलं होतं, नुसत्या पाण्यानं नाही.

फौजदार आला. चावडीत ढोल वाहणाऱ्या पोराला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मास्तरांनीच वाजवाय सांगितलं." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. फार वेळ नाही, चार मात्रांइतकं. मग फौजदाराला म्हणालात, "हो. मीच सांगितलं. इथली रीत मला माहीत नव्हती." माझं वय तेव्हा बारा. तुमची नोकरी गेली. सारोळ्याच्या पुलाकडं चालत गेलात म्हणे, बिगुल इथंच ठेवून. तिसऱ्या वर्षी तुम्ही वारल्याचं कळलं.

वाटेल तुम्हांला, त्या चार महिन्यांचं काही उरलं असेल. मी पुष्कळ शोधलं. चुलता शिक्षा भोगून आला, बापाच्या बदल्यात त्याला यानं मारलं. हा चौदा वर्षं आत राहिला. पथकातली बाकीची पोरं मिसरूड फुटल्यावर आपापल्या वाडीच्या बाजूनं उभी राहिली आणि शिकवल्याप्रमाणं एका पावलात चालून गेली. ढोल शाळेच्या माळ्यावर उंदरांनी खाल्ला.

काल बँड थांबल्यावर तो खुर्चीवरून माझ्याकडं कलला. एका डोळ्यानं आता दिसत नाही त्याला. म्हणाला, "त्या मास्तरानं माझा बाप खाल्ला गड्या. मंग माझं आयुष्य खाल्लं. त्यानं सांगितलं नसतं, तर तू कशाला वाजवतूस? सांगितलंच व्हतं न्हवं?" आणि थांबला. उत्तराची वाट बघत होता. पासष्ट वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला हे विचारलं होतं. मैदान रिकामं होतं, आम्ही दोघंच होतो, त्याच्या हातात साधी काठीसुद्धा नव्हती.

हे पत्र कवितांच्या वहीत ठेवून देईन. तुम्हांला धाडायला पत्ता नाही, आणि ज्याला द्यायला हवं त्याचं घर ओढ्याच्या पलीकडं, हाकेच्या अंतरावर आहे. मी त्याला म्हणालो, "व्हय."