नाईनची वेस

मँचेस्टर,
६ मे २०२३, शनिवार

प्रिय ईशिता,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. कोणाला काही झालेलं नाही. साराची शुगर ताब्यात आहे, माझा गुडघा आहे तसाच आहे, बॉयलर आवाज करतो पण चालतो. फोन केला असता, पण फोनवर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. तू "पप्पा, जेवलात का?" विचारतेस आणि मी पावसापाण्याचं सांगून फोन साराकडे देतो. म्हणून लिहायला बसलो. माझं शिक्षण नगरच्या मिशन शाळेत सातवीपर्यंत. तुझं मराठी पुण्यात चौथीला राहिलं आणि तू आईबरोबर लंडनजवळ पिनरला आलीस. मी सावकाश लिहितो, तूही सावकाश वाच.

आज टीव्हीवर राज्याभिषेक आहे. गल्लीत दोरीला छोटे छोटे झेंडे लावलेत, ते भिजून लोंबताहेत. सारा करंज्यांचा डबा घेऊन शेजारणीकडे बघायला गेली आहे. जाताना मला म्हणाली, "राजाला मुकुट घालतील तोवर तुमचं पत्र होऊ द्या." जन्मभर नर्सिंग केलं ना, तिला वाटतं पत्र म्हणजे पट्टी बदलण्यासारखं. खरं तर तिनंच लिहायचं होतं, तिचं अक्षर चांगलं आहे. दोनदा बसलीसुद्धा. मग म्हणाली, "तुम्हीच लिहा. मी लिहिलं तर पोरीला वाटेल, सासू रागावली."

आज तू यायची होतीस. लॅबमध्ये काम निघालं म्हणालीस. असेल. आमचा मिहीर देवाघरी गेल्यावर, लॉकडाउन उठून गाड्या सुरू झाल्या तेव्हापासून, तू दर शनिवारी केंब्रिजहून गाडी बदलत येतेस, पिकॅडिली स्टेशनहून ट्राम धरतेस, आमची औषधं बघतेस, कौन्सिलची पत्रं वाचून दाखवतेस, रविवारी आम्हाला चर्चच्या दारात सोडतेस आणि परत जातेस. चर्चमधले लोक म्हणतात, पोटची मुलं एवढं करत नाहीत. ते ऐकलं की माझी छाती फुगायची. तू किती वाळली आहेस, हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण शनिवार उजाडला की मला दुसरं काही सुचत नसे.

इस्राएलच्या ट्रिपचं तू विचारलंस आणि आम्ही तुला फोटो पाठवले. फोटोत काही नसतं, नुसते आम्ही उन्हात डोळे बारीक करून उभे. चर्चच्या ग्रुपनं नासरेथहून कफर्णहूमपर्यंत पायी जायचं ठरवलं तेव्हा मी नाहीच म्हणत होतो. या वयात परक्या मुलखात पाय मुरगळला तर कोण उचलणार? इन्शुरन्सवाले काय म्हणतील? पण तूच आम्हाला चालायचे बूट घेऊन दिलेस, मर्सी नदीच्या काठानं आम्हाला चालवलंस, साराला काठी कशी धरायची ते शिकवलंस. मिहीर असता तर त्यानंही हेच केलं असतं, डोंगरांचं वेड त्याचंच. तू पुढे आणि आम्ही मागे धापा टाकत, असं चालताना एक गोष्ट आम्ही तुझ्यापासून लपवली होती. आता लिहितो. सारा तिकडे एकच मागणं घेऊन निघाली होती, आणि तेच माझंही होतं. ईशितानं आपल्याला सोडून जाऊ नये. बाकी काही नाही. ज्या मुलीविरुद्ध मागणं मागायचं, तिनंच दिलेले बूट घालून आम्ही विमानात बसलो.

नासरेथला पोचल्यावर बाकीच्यांनी पहिला दिवस आराम केला. सारा ऐकेना. तिला नाईनला जायचं होतं. तुला ती गोष्ट ठाऊक नसेल. नाईन गावात एका विधवेचा एकुलता एक मुलगा मेला होता. लोक त्याला पुरायला नेत होते आणि गावाच्या वेशीपाशी प्रभू येशू समोरून आला. त्यानं तिरडीला हात लावला, मुलगा उठून बसला, आणि येशूनं त्याला त्याच्या आईच्या हवाली केलं. सारानं हे लहानपणी ऐकलं ते नगरकडच्या आमच्या खेड्यात. तिथं दगडी कमानीची वेस आहे, खाली म्हशी बसतात. तिच्या मनात नाईनची वेस तीच.

आमचा वाटाड्या इलियास, नासरेथचाच ख्रिस्ती माणूस. तो आमच्याबरोबर निघाला. डोंगर उतरून गव्हाच्या शेतांमधून वाट जाते, डावीकडे ताबोर डोंगर एकटाच उभा. मी सगळ्या वाटेवर कटकट करत होतो. पाणी पुरेल का, संध्याकाळी परत पोचू का, हे कुत्रं चावेल का. सारा साडीखाली ट्राउझर घालून, पदर खोचून पुढे चालली होती. एकदाही थांबली नाही. तिला बघून मला भीती वाटायला लागली. ईशिता, माणूस एवढ्या आशेनं कुठे जात असेल तर त्याच्याबरोबर जाऊ नये.

नाईनमध्ये वेस नाही. डोंगराच्या पायथ्याशी साधं गाव आहे, मुसलमानांची वस्ती, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, रस्त्यावर बस थांबा. सारा म्हणाली, "वेस कुठाय? यांना विचारा वेस कुठाय." इलियास म्हणाला, नाही, तसं काही उरलेलं नाही. तिला पटेना. गावात शिरायच्या तिन्ही वाटांनी तिनं आम्हाला फिरवून आणलं. एक लहान चर्च आहे, त्याला कुलूप. समोरच्या घरातून एक बाई आली, तिनं उघडून दिलं. तिनं इलियासकडून साराला विचारलं, मुलं किती? सारानं एक बोट दाखवलं, मग तेच बोट वर आभाळाकडे केलं. त्या बाईनं घरात जाऊन पाल्याचा वास येणारा चहा आणला आणि सारा पिऊन होईपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मला वाटलं, सारा आता चर्चमध्ये गुडघे टेकेल. पण ती बाहेर आली आणि बस थांब्याच्या बाकावर बसली. वेस असती तर इथंच असती म्हणाली. खूप वेळ बसली. मग म्हणाली, "अहो, त्या पोराला बायको असेल का हो?" मी म्हटलं, शास्त्रात काही लिहिलेलं नाही. ती म्हणाली, "नाहीच लिहिलेलं. आईला दिला, एवढंच. बायको असली तर त्या गर्दीत कुठे उभी होती, कोणी बघितलं?"

एवढ्यात बस आली. ड्रायव्हरनं दार उघडलं, आम्ही चढत नाही बघून काहीतरी पुटपुटला आणि गेला. तेव्हा सारा रडायला लागली. म्हणाली, "आपल्या मिहीरच्या मागून कोण चाललं?" आमच्यात मयताची पेटी घरातून निघाली की मिशनचं सगळं कंपाउंड भजनं म्हणत मागून चालतं. मग जो तो मूठभर माती टाकतो. ते करोनाचे दिवस. आम्ही दोघं तापानं पडलेलो, दारावर "आत येऊ नका" लिहिलेलं. तू फोन कुठेतरी टेकवून ठेवला होतास आणि आम्ही पलंगावर बसून त्यात बघत होतो. पेटीमागे तू एकटी, मास्क लावून, तुझ्या हिरव्या कोटात. भजन म्हणायला कोणी नव्हतं. तुला आमची भजनं येतही नव्हती. माती टाकलीस ती तीनदा. एक तुझी, आणि दोन आमच्या. मी हे विसरलो नव्हतो, पण ते आठवलं की मला आमचंच दुःख आठवायचं, आम्हाला जाता आलं नाही याचं. सारा बाकावर बसून म्हणाली, "गावाच्या जागी ती एकटी चालली. आणि मी इथवर पायपीट करून काय मागायला आले? तिला बांधून ठेव म्हणून?"

तिनं त्या दिवशी काही मागितलं नाही. पुढे काना गाव आलं, खडकाळ डोंगर आले, माझ्या टाचेला फोड आला, शेवटी गालील समुद्रावर पोचलो. सगळे वाळूत बसून प्रार्थना करत होते. सारा बूट काढून पाण्यात उभी राहिली. मी विचारलं, काय मागितलंस? म्हणाली, "मागितलं नाही. सोडलं." माझी श्रद्धा तिच्याएवढी नाही. मी तिथंही मागून बघितलं, एकदा. तुझं नाव घेतलं आणि तिथंच आमेन म्हटलं.

आता कशासाठी लिहिलं ते. आम्ही निघायच्या आदल्या आठवड्यात श्यामलाताईंचा, तुझ्या आईचा, पिनरहून फोन आला होता. केंब्रिजमध्ये कुश म्हणून मुलगा आहे, त्यानं तुला दोनदा लग्नाचं विचारलं, आणि दोन्ही वेळा तू म्हणालीस, "त्या दोघांकडे कोण बघणार?" हे सांगताना ताई रडल्या. आम्ही "बरं, बघू" म्हणून फोन ठेवला आणि तुला कळू दिलं नाही. ईशिता, तू कुशला हो म्हण. साराच्या आणि माझ्या, दोघांच्या तोंडचं हे समज. मिहीरला काय वाटेल म्हणून अडू नकोस, त्याच्यासाठी करायचं ते तू त्या दिवशी एकटीनं केलंस. लग्नाला आम्हाला बोलव, आम्ही मागच्या रांगेत बसू. सारा म्हणते, मागे का, श्यामलाताईंच्या शेजारी बसायचं. मला रडू आलं तर त्याच्या घरच्यांना सांग, म्हाताऱ्याला मोतीबिंदू आहे. आणि पुढच्या शनिवारी येऊ नकोस. त्याच्याबरोबर कुठेतरी चालायला जा. ट्रामच्या वेळेला मी खिडकीत जाऊन उभा राहीन, ते माझ्याच्यानं एकदम थांबणार नाही. पण तू येऊ नकोस.

तुझाच,
पप्पा