आता काय चाललंय?

१२ जानेवारी, सोमवार

आज आईशी पुन्हा खोटं बोललो. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाने टीव्हीवरच्या मालिकेबद्दल आईशी खोटं बोलावं! कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो.

साडेआठची मालिका. वकील पुन्हा तेच घड्याळ घेऊन घड्याळजीच्या दुकानात आला. घड्याळाला काही झालेलं नाही हे त्याला माहीत, घड्याळजीला माहीत, अख्ख्या देशाला माहीत. तरी दर आठवड्याला हा आणतो आणि तो उघडून बघतो. आज घड्याळजीने झाकण लावलं आणि ते वकिलाच्या मनगटावर स्वतः बांधलं. पट्टा लावून झाला तरी हात काढला नाही. संवाद एकही नाही, नुसतं संगीत.

आईने विचारलं, "आता काय चाललंय?"

गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज आली तेव्हापासून हे काम माझं. बोलणं तिला ऐकू येतं, चित्र मी सांगायचं. कोण दारात उभं आहे, सासूने तोंड कसं वाकडं केलं, कोणी कोणाचा फोटो उलटा ठेवला. एरवी मी मन लावून सांगतो. आई म्हणते, टीव्हीपेक्षा तूच बरा.

म्हणालो, "काही नाही. दुरुस्तीचे पैसे देतोय."

"एवढा वेळ?"

"सुटे नाहीत."

भूगोल शेजारीच बसला होता. त्याने कप टेबलावर असा ठेवला की चहा बशीत आला.

१५ जानेवारी, गुरुवार

भूगोल म्हणजे तो. शाळेत भूगोल शिकवतो. त्याचं नाव या वहीतही लिहायचा धीर होत नाही, यावरून माझी छाती किती इंचांची ते कळावं. आई त्याला 'मास्तर' म्हणते. बाकी सगळ्यांसाठी तो माझा मित्र. तरुणपणापासूनचा 'मित्र'.

सोफ्यावर आई डावीकडे, मध्ये मी, उजवीकडे तो. मालिका सुरू झाली की त्याचा हात माझ्या हातात असतो. आईचे डोळे अधू झाल्यापासूनच. त्याआधी तो समोरच्या खुर्चीत बसायचा.

आईचे डोळे गेले आणि माझी सोय झाली. हे वाक्य दोनदा खोडलं. शेवटी राहू दिलं, कारण खरं आहे.

२५ जानेवारी, रविवार

सार्वमताची तारीख जाहीर! पंधरा मार्च. दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना आपसात लग्न करता यावं का — 'हो' की 'नाही'. पानपट्टीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे आमचीच चर्चा, आणि आम्ही तिथे बसून मान डोलावतोय.

भाऊजींनी 'नाही'चा झेंडा उचललाय. संध्याकाळी पत्रकं वाटतात. ताईचा फोन आला होता — "आईला असली मालिका कशाला ऐकवतोस? त्या दोघांचं लक्षण काही ठीक दिसत नाही." म्हणजे तीही रोज बघते!

३ फेब्रुवारी, मंगळवार

'नाही'वाल्यांचे पुढारी टीव्हीवर होते. तास-दीड तास हसून हसून विष ओतत होते. ते हसू मी केलंय.

अतिशयोक्ती नाही. मी दात बनवतो. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, आमच्या कारखान्यात कवळ्या तयार होतात. पुढाऱ्यांची वरची ओळ गेल्या वर्षी माझ्या टेबलावर होती. एकदम पांढरे दात खोटे दिसतात, म्हणून किंचित पिवळी छटा दिली. एक दात जरासा तिरका बसवला. 'स' म्हणताना शिट्टी वाजू नये म्हणून आतून तीनदा घासला. आज 'संस्कार, संस्कृती, संसार' असं धडाधड म्हणाले, एकदाही शिट्टी नाही!

आमचे उस्ताद खूश. "बघ, काम कसं बोलतंय!" मी म्हणालो, हो, फारच बोलतंय.

आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कोणाकडे करणार?

८ फेब्रुवारी, रविवार

वाईट दिवस.

ताई-भाऊजी जेवायला होते. भूगोलही होता, रविवारी असतोच. भाऊजींनी जेवता जेवता हिशेब मांडला — अमक्या गल्लीत इतके 'नाही', तमक्या इमारतीत इतके. मग माझ्याकडे वळून, "आणि तू काय रे? 'नाही'च ना?"

गप्प बसता आलं असतं. घास तोंडात होता, नुसतं चावत राहिलो असतो तरी वेळ निभावली असती. पण मी घास गिळला आणि म्हणालो, "अर्थात."

वर हसलोही.

भूगोल पाणी प्यायला. आईला म्हणाला, "निघतो, पेपर तपासायचेत." आई म्हणाली, "मास्तर, ताटात सगळं तसंच आहे." ते तिला ताईने सांगितलं असावं. त्याने ताट उचललं, स्वतः घासून ठेवलं आणि गेला. दारापर्यंत सोडायला उठलो नाही. भाऊजी बघत होते ना!

१० फेब्रुवारी, मंगळवार

शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभा राहिलो. बस थांब्यापर्यंत बरोबर चाललो. त्याचं बोलणं आठवतं तसं —

"मला तुझं मत नको होतं. गप्प बसला असतास तरी पुरे होतं."

"आईला तू सगळं सांगतोस. कोण रडलं, कोण रुसलं, कोणी दार आपटलं. आपण आलो की सुटे पैसे शोधायला लागतोस."

आणि शेवटी — लांबच्या एका गावातल्या शाळेने बोलावलंय. त्याने अजून होकार कळवलेला नाही. "सार्वमत गेलं खड्ड्यात. देशाला सांगू नकोस, भाऊजींना सांगू नकोस. आईला सांग. एकटीला. महिनाअखेरपर्यंत वाट बघतो."

बस आली. त्याने खिडकीतून हात केला नाही. मीही केला नाही, आजूबाजूला त्याची पोरं होती.

१३ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मालिकेत वकिलाच्या घरी मुलगी बघायचं चाललंय. तो खिडकीशी उभा राहून मनगटावरचं घड्याळ नुसतं चाचपत होता. भूगोल आलेला नाही, दहा-बारा दिवस येतच नाही. उजवीकडची जागा मोकळी. आईने विचारलं, काय चाललंय. म्हणालो, "वकील किती वाजले ते बघतोय."

"बघतोय की वाट बघतोय?"

"आई, घड्याळ बघतोय."

"बरं."

नंतर तिने मला कपाट उघडायला लावलं. भूगोलचा निळा शर्ट तिथे कधीचा लटकलाय, वरचं बटण तुटलं म्हणून ठेवलेला. बटण लावलेलं होतं! दोरा अगदी त्याच निळ्या रंगाचा, टाका बारीक, पूर्वी लावायची तसाच.

"तू लावलंस? सुई कशी ओवलीस?"

"ताईने ओवून दिली. हाताला सवय असते. मास्तरांना देऊन ये, थंडीचं बिनबटणाचं हिंडत असतील."

थंडी केव्हाच सरलीय. शर्ट परत लटकवला. हातात धरला तेव्हा त्याचा वास आला आणि मला कपाटाचं दार लावता येईना.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज शेवटची तारीख.

ठरवून टीव्ही बंद केला. आई म्हणाली, "का रे बंद केलास?"

"जाहिरात लागली होती."

"मग जाहिरात सांग. कशाची होती?"

म्हणालो, आई, मला एक बोलायचंय. ती माझ्याकडे वळून बसली, हात मांडीवर. "बोल." इतकी शांत बसली की स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब ऐकू येत होता. वाक्य तयार होतं. रोज आंघोळीच्या वेळी पाठ करत होतो. 'मास्तर नुसते मित्र नाहीत' — एवढंच तर म्हणायचं होतं!

म्हणालो, "नळाला वायसर बसवायला हवा."

तिने तोंड पुन्हा टीव्हीकडे वळवलं. मग म्हणाली, "हो. गळतोय खरा बरेच दिवस."

१ मार्च, रविवार

त्याचा फोन. "सांगितलंस?" मी गप्प. "कळलं," म्हणाला. रागावलाही नाही. रागावला असता तर भांडता आलं असतं.

८ मार्च, रविवार

गेला. शाळेच्या शिपायाकडून कळलं. नकाशे तेवढे वर्गात ठेवून गेला म्हणे, पोरांसाठी.

१५ मार्च, रविवार

ज्याला दिसत नाही त्याने मत द्यायला बरोबर माणूस न्यायचा, तसा नियम आहे. भाऊजी सकाळी सातलाच गाडी घेऊन हजर. "आईंना मी नेतो, शिक्काही मीच मारीन." आई म्हणाली, "जावईबापू, माझं चित्र हा सांगतो, शिक्काही हाच मारेल. तुम्ही गाडी चालवा."

पडद्याआड आम्ही दोघं. तिने माझा दंड धरला होता. कागद वाचून दाखवला. ती कानाशी म्हणाली, "'हो'वर."

मला वाटलं, तिचा गोंधळ झाला. म्हणालो, "आई, 'हो' म्हणजे त्या लोकांना लग्न—"

"मला अक्कल आहे. मार."

मारला. मग माझा कागद. तोही 'हो'. पडद्याआड मी मोठा शूर!

गाडीत भाऊजींनी हसत विचारलं, "मग आई, आपलंच ना?" ती म्हणाली, "मत गुप्त असतं." आणि खिडकीकडे तोंड करून बसली. मालिकेतल्या त्या दोघांची तिला दया आली असेल.

१६ मार्च, सोमवार

'नाही' जिंकलं. थोडक्यात, पण जिंकलं. टीव्हीवर ढोल, गुलाल, पुढारी.

"आता काय चाललंय?"

"पुढारी हसतायत."

"कसे?"

"दात चांगले आहेत."

आई म्हणाली, "बंद कर."

मला देशापेक्षा भूगोलचा राग आला, आणि लगेच त्याच रागाची लाज वाटली. 'हो' जिंकलं असतं तरी तो कुठे इथे होता? देशाने मला आज नाकारलं. मी त्याला जेवणाच्या ताटावरच नाकारलं होतं, एका शब्दात. देशाने निदान मतं तरी मोजली.

२० मार्च, शुक्रवार

मालिकेचा शेवट. सगळे म्हणत होतेच की वाहिनी घाबरलीय, निकालानंतर शेवट बदलला. तसंच झालं. वकील स्टेशनवर, बरोबर नवी बायको. घड्याळजी लांब खांबाआड उभा. गाडी हलते. वकील मनगटावरचं घड्याळ काढून बॅगेत टाकतो. घड्याळजी दुकान बंद करून पायऱ्या उतरतो. शेवटची पाच मिनिटं एक शब्द नाही, नुसती सनई वाजावी तसं काहीतरी रडकं संगीत.

"आता काय चाललंय?"

आणि मला काय झालं कोण जाणे! म्हणालो, "वकील गाडीतून उतरला."

"उतरला?"

"हो. धावत सुटलाय. घड्याळजी खांबाशी उभा आहे, त्याला अजून दिसलेलं नाही. आता दिसलं. वकिलाने बॅग तिथेच टाकली. मिठी मारलीय. लोक बघतायत, आई. खूप लोक बघतायत, पण सोडत नाहीये." पडद्यावर नावं सरकत होती.

"मग?"

"मग दोघं घरी चालले."

आईचे डोळे वाहत होते. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "छान सांगितलंस रे. फार छान."

ही मालिका मी पहिल्यांदाच हवी तशी सांगितली. ऐकायला हवा होता तो शेजारी नव्हता.

२५ मार्च, बुधवार

ताईला ताप, म्हणून आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आईला मी नेलं. एरवी ताई नेते. ती बाहेर बसते, आत आई एकटी जाते आणि बाहेर येऊन म्हणते, फरक नाही. आज तपासणी संपता संपता मीही आत गेलो.

डॉक्टर म्हणाले, "वा, झकास! सूज जानेवारी लागतानाच उतरली होती, आता तर आजी खालून दुसरी ओळ वाचतात. रोज टीव्ही बघतात, मला गोष्ट सांगतात. अहो, शेवटी ते दोघं वेगळेच झाले म्हणे? हळहळत होत्या आत्ता."

जानेवारी. म्हणजे मनगटावरचा हात. सुईचा दोरा. शिक्का. म्हणजे सोफ्यावरचे आमचे हातसुद्धा.

बाहेर आलो. आईने माझा दंड धरला नाही. पायऱ्या एकटी उतरली, खाली थांबली आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तो शर्ट पोस्टाने पाठवू नकोस. स्वतः घेऊन जा."