कूलरची ताटी अन् तुमची पिकअप

२२ एप्रिल
तालुका दिग्रस

आदरणीय बाबारावभाऊ,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा नागोराव याचा पुण्याकडे तोंड करून सप्रेम जयभीम. इकडे एक गाडी सोडली तर आम्ही सगळे बरे आहोत. तिकडे तुमचा गुडघा कसा आहे, बीपीची गोळी टाइमावर घेऊन राह्यले का, अन् सूनबाईचं बिनतिखटाचं वरण अजून घशाखाली उतरून राह्यलं का, ते कळवावं. हे सारं फोनवरच इचारलं असतं, पण महिना होत आला, तुम्ही माझा फोन उचलत नाही. व्हॉट्सॲपवर निळ्या टिका तेवढ्या पडतात (त्या पाहून रुखमाले सांगतो, की तुझा दादा तब्येतीनं ठणठणीत आहे, फक्त डोक्शानं गरम आहे). म्हणून हे पत्र. पोस्टमन दारात उभा राहून सही मागते, त्याले तुम्हाले कट करता येत नाही.

पहिले एक सांगून ठेवतो, मी माफी मागाले लिहून नाही राह्यलो. माफी कायची? २९ मार्चले प्रियंकाच्या साखरपुड्यासाठी आपण तुम्हीच देल्लेल्या पिकअपमध्ये गाद्या टाकून कळंबकडे निघालो. यवतमाळच्या पुढे गाडीनं भररस्त्यात वाफ सोडली. पंचवीस माणसं नव्या कपड्यात एका बाभळीच्या सावलीत मावाले पाहत होती, अन् सोयरे मोटरसायकलीवर बसून तमाशा पाहाले आले. त्यावक्ती मी चारचौघात जे बोललो (साळ्यानं आपलं भंगार बहिणीच्या दारात लोटलं, असं काहीतरी), ते उन्हानं बोललो. तुम्ही बोनेट उघडाले पुढे आले अन् मी तुमचा हात झटकला, तेही उन्हानंच. मग तुम्ही एसटीले हात देल्ला अन् उपाशी पोटी निघून गेले. ते उन्हानं नव्हतं, एवढं मले समजते. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडलेल्या माणसाले मी बोनेटपासून हाकललं, हेही समजते.

आता अडचण अशी, की १० मेले इतवारी प्रियंकाचं लग्न आहे. पोरीनं सांगून टाकलं, मामा नाही आला तर मी मांडवात पाय ठेवत नाही. आपल्या लग्नात अंतरपाट नाही, मुहूर्त नाही, भटजी नाही, पण मामाच नाही असं लगन मी तरी पाह्यलं नाही. रुखमानं महिनाभर माझ्यासंगं ‘जेवा’ अन् ‘सरका’ या दोनच शब्दांवर संसार चालवला. तिसरं वाक्य बोलली ते हे, की गाडीले काय झालं ते शोधा, चूक कोनाची ते ठरवा, अन् दादाले लिहून कळवा. म्हणून मी गाडीचा रोग शोधाले निघालो.

पहिले गेलो दिग्रसले विक्कीकडे. हा विक्की म्हणजे जिनिंगच्या रस्त्यावरचा मिस्त्री, तुमच्या मागं त्यानं गॅरेज टाकलं. त्यानं गाडी चालू केली, कान लावला, डोळे मिटले, अन् थर्मोस्टॅट काहाडून माझ्या हातात देल्ला. म्हणे हा थंड मुलखातल्या गाड्यायले लागते, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात याचं काय काम? मले पटलं. मलेही माझ्या अंगातला एखादा पुर्जा असा फालतू असन असं नेहमी वाटते. परत येतानी अर्ध्या रस्त्यात काटा लालवर गेला. दुसऱ्या खेपेले त्यानं रेडिएटरचं झाकण बदललं, तिसऱ्या खेपेले पट्टा कसला, चौथ्या खेपेले मले चहा पाजला अन् म्हणाला, काका, गाडीचं वय झालं. म्हणजे रोग रेड्याले अन् औषध पखालीले, अन् शेवटी म्हणायचं की रेडाच म्हातारा.

मग मी माझं डोकं लावलं. (हसू नका, ऐका.) आपल्या इकडे एप्रिलात माणूस कशानं जगते? कूलरनं. कूलर कशानं थंड करते? वाळ्याच्या ओल्या ताटीनं. मंग जी ताटी पंचेचाळीस डिग्रीत माणसाले झोपवते, ती इंजिनाले काहून नाही झोपवणार? मी घरच्या कूलरची एका बाजूची ताटी काहाडली, मापात कापली, अन् समोरच्या जाळीच्या आत, रेडिएटरच्या पुढं, तारेनं बांधली. दर दहा किलोमीटरवर उतरून तिच्यावर पाण्याची बाटली ओतायची. वास असा ये, की जाणाऱ्या-येणाऱ्याले वाटे गाडीत नवरी बसली आहे. गावात ज्यानं पाह्यलं त्यानं नावाजलं. दोघांनी तर आपापल्या ट्रॅक्टरसाठी माप नेलं. गाडी तेवढी अजून लवकर तापे, पण वास छान होता म्हणून कोनी मनावर घेतलं नाही.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो आपल्याच पिकअपवर होता. चौकात आली अन् समोरून वाफेचा असा लोट निघाला, की पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यायले वाटलं, नागोरावनं यंदा धुराची मशीन लावली. सरपंचानं भाषणात माझं नाव घेतलं. मी हात जोडून उभा, अन् रेडिएटरमधून गळलेल्या उकळत्या पाण्यानं बुटात पाय भाजून राह्यले होते.

दुसऱ्या दिवशी तांड्यावरचे लखीरामभाऊ आले. चाळीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, त्यायचा शब्द इकडे शेवटचा. त्यायनं रेडिएटरचं झाकण उघडून आत पाह्यलं, बुडबुडे मोजले, टोपी काहाडली अन् मयतीले आल्यासारखी मान हलवली. हेड गॅस्केट गेलं, नागोराव. इंजिनाचं डोकं उघडा लागन, पंधरा दिवस तरी जातीन. मी म्हटलं, पंधरा दिवसांनी तर लगन तोंडावर. पण भाऊ, खरं सांगतो, उलीसं बरंही वाटलं. इंजिनच बाद म्हटल्यावर गाडी तुम्ही भंगारच देल्ली होती हे सिद्ध, अन् माझं बोलणं खरं. अशी माझी नियत, कागदावर लिहून देतो.

हे सारं रुखमा दारात उभी राहून ऐकत होती. कूलर त्या दिवशी पहिल्यांदा लावला होता, अन् एका बाजूनं निरा गरम हवा मारत होता. मी उंदरांचं नाव सांगून ठेवलं होतं. ती विळा घेऊन बाहेर गेली, जाळीतून हात घालून तार कापली, अन् लखीरामभाऊंदेखत ताटी ओढून बाहेर काहाडली. ताटीमागं रेडिएटर दिसतच नव्हता. कापूस. अख्ख्या हंगामात जिनिंगले जे गाठोडे नेले त्याची रुई रेडिएटरच्या बारीक पात्यायमध्ये जाऊन बसली होती, अन् माझ्या ताटीच्या पाण्यानं भिजून तिची गादीच झाली होती, उशी भरता आली असती. रुखमा एवढंच म्हणाली, की दरसाल कूलर मी धुते, ताटीत कचरा अडकला की हवा आत जात नाही अन् कूलर थंड करत नाही. हे सांगाले मिस्त्री कायले लागते?

लखीरामभाऊंनी टोपी परत घातली अन् चहा न पिता गेले. रुखमानं जुन्या ब्रशानं अन् मोटरच्या पाइपानं आतून बाहेर पाणी मारून अर्ध्या घंट्यात रेडिएटर साफ केला. काल थर्मोस्टॅटही परत बसवून घेतला अन् भरल्या गाडीनं पुसदपर्यंत जाऊन आलो, काटा मधात, जागचा हलला नाही. गाडी तुम्ही चांगलीच देल्ली होती. देतानी सांगतलंही होतं, की कापूस वाह्यला की दर इतवारी जाळी काहाडून रेडिएटर धुवत जा. पण तुम्ही ते एकदाच सांगतलं, अन् मी जेवत होतो, तेव्हा थोडी चूक तुमचीही धरावी.

सूनबाईले अन् लेकराले जयभीम. गुडघ्याले तिळाचं तेल लावत जा. पत्राचं उत्तर नाही देल्लं तरी चालन, फोन उचलला तरी पुरे.

तुमचा जवाई,
नागोराव

ता. क. मुख्य गोष्ट राहूनच गेली. ८ तारखेले निघा. प्रियंकाच्या हाताले धरून तुम्हीच तिले मंचावर आणायचं आहे. मी यवतमाळच्या स्टँडवर पिकअप घेऊन येतो. सगळ्यायपुढं जे बोललो ते सगळ्यायपुढंच परत घेईन, लागन तर मांडवात माइकवर.

ता. क. २. पाकीट बंद केलतं, परत उघडलं. भाऊ, वर एक गोष्ट मी मागं-पुढं केली. ताटी मी विक्कीनंतर नाही लावली. साखरपुड्याच्याच सकाळी लावलती, सोयऱ्यायपुढं गाडीले वास यावा म्हणून. त्या दिवशी तुमचा हात झटकला तो उन्हानं नाही. बोनेट उघडलं असतं तर सर्वांत पहिले तीच दिसली असती, अन् माझी इज्जत गेली असती. म्हणून तुमची घालवली. विक्कीकडे जातानी ती काहाडून सीटखाली लपवत होतो, निघालो की परत लावत होतो. लय वाईट वाटून राह्यलं. चुकलो. हे रुखमाले सांगू नका.

ता. क. ३. दादा, मी रुखमा. पाकीट डकवाले यायनं माझ्याजवळच देल्लं. ८ तारखेले ये. हे स्टँडवर उभे राहतीन, बोनेट उघडं ठेवाले सांगतलं आहे.