योखन बोर्ड मारणार नाही

सोम., १ सप्टें.
योखन दुपारी दोनलाच कामावरून घरी. मी घरूनच काम करत होते, मीटिंग चालू. खिडकीतून दिसला. सायकलला पुढे जोडलेल्या गाडीत हत्यारांची पेटी, रंधे, करवती, झाडून सगळं. एवढं घेऊन कोणी लवकर सुटत नाही. ओळखलं.

जुन्या भाड्याच्या घरांची रांग आहे, यो.ची कंपनी ती दुरुस्त करतेय. चौदा नंबरमध्ये यानं खालच्या खोलीचं छत उघडलं, तर वरचा मजला पेलणाऱ्या तुळयांची टोकं भिंतीत कुजलेली. एक नाही, चार. स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला म्हणे. साहेब, म्हणजे रॉब, म्हणाला, बोर्ड मारून झाकून टाक, महिनाअखेर भाडेकरूंना चाव्या द्यायच्यात. हा म्हणाला, नाही मारणार. रॉब म्हणाला, मग घरी जा.

आला घरी. त्या कंपनीत आठ वर्षं काढून.

माझं पहिलं वाक्य: "सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?"
लिहून ठेवते. नाहीतर नंतर सोयीस्कर विसरेन.

गुरु., ४ सप्टें.
आईचा फोन. "योखनराव कामावर?" "हो." खोटं. या विषयावर खोटं बोलायची आम्हाला जुनी सवय, दोन्ही बाजूंनी. लग्न ठरलं तेव्हा पुण्यात सगळीकडे "जर्मन जावई" एवढंच सांगितलं. जर्मन म्हटलं की लोक इंजिनियर धरून चालतात. तो गैरसमज कोणी खोडला नाही. बाबा पीडब्ल्यूडीतले, ते फार तर "कन्स्ट्रक्शनमध्ये" म्हणत. मीही ऑफिसात तेच म्हणते.

सुतार आहे. माझा नवरा सुतार आहे.

बाविसाव्या वर्षी काळी हॅट, काळी कॉर्डरॉयची पँट, पाठीवर गाठोडं घेऊन गावातून निघाला. त्यांच्याकडची रीत आहे. काम शिकून झालं की तीन वर्षं आणि वर एक दिवस गावोगाव काम करत हिंडायचं, घराच्या पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. हिंडत इथे, हॉलंडमधल्या हार्लेमला आला, एका चर्चच्या छपराचं काम होतं. छप्पर झालं, हा राहिला. माझ्या भाड्याच्या खोलीचं दार लागत नव्हतं, घरमालकानं याला पाठवलं. दार दहा मिनिटांत लागलं. हा जाईना.

आज विचारलं, हिंडताना कधी कोणाला नाही म्हणाला होतास? म्हणाला, दोनदा. दोन्ही वेळा गाठोडं उचलून चालायला लागलो.
"या वेळी मी चालायला लागणार नाही," तो म्हणाला.

मंगळ., ९ सप्टें.
रॉबचं पत्र. गोड डच. दोन्ही बाजूंच्या संमतीनं काम थांबवू, चांगलं शिफारसपत्र देऊ, मात्र भाडेकरूंशी कामाबद्दल बोलायचं नाही. खाली सहीची रेघ.

मी म्हटलं, कर सही आणि सुट. तुझ्यासारख्या सुताराला इथे दुसरं काम उद्या मिळेल.
"वर टिनेकेचा पियानो असतो."
टिनेके म्हणजे चौदा नंबरच्या आजी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. दुरुस्तीसाठी त्यांना तात्पुरतं दुसरीकडे हलवलंय. पियानो खिडकीतून दोरानं उतरवला तो यानंच. चाव्या मिळाल्या की परत वर जाणार.
मी: "तो तुझा पियानो नाही. तुझं घर हे आहे. तुला मुलगी आहे."
तो: "मला माहीत आहे मला मुलगी आहे."
हे त्यानं मराठीत म्हटलं. मोडकं, पण मराठीत.
ताटं उचलून मी भांडी घासायला घेतली.

बुध., १० सप्टें.
सकाळी ओट्यावर ब्रेडची पिशवी. ब्रेड समजून हात घातला. तुळईचा तुकडा! काळपट, ओलसर. दोन बोटांत धरला तर खारी बिस्किटासारखा तुटला. नुसता तुटला. मी काही जोर लावला नव्हता.

इरा शाळेची पिशवी अडकवत होती. अकरा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर डचमध्ये. विचारलं, हे काय. सांगितलं.
"टिनेके-आजीला माहीत आहे का?"
यो. माझ्याकडे बघतोय, मी यो.कडे.
"नाही? का नाही?"
का नाही. चॉकलेटचा ब्रेड खाऊन ती सायकलवरून गेली. ते पत्र मी फाडलं नाही, नीट फाइलला लावलं. सहीची रेघ कोरी.

शनि., १३ सप्टें.
तिघंही टिनेकेकडे गेलो. एक कप कॉफी, एक बिस्किट, डबा लगेच बंद, ही इथली रीत. यो.नं तुकडा टेबलावर ठेवला आणि जसं होतं तसं सांगितलं. त्याचं डच अजून जर्मनच वाटतं, पण त्या प्रत्येक शब्दाला मान हलवत होत्या.
"एकावन्न वर्षं त्या जमिनीवर वावरतेय मी. हल्ली पियानो वाजवताना पायाखाली हलतं असं वाटायचं. म्हटलं, माझेच गुडघे."
मग, "त्यांनी मला पडदे कुठल्या रंगाचे हवेत ते विचारलं. हे नाही विचारलं."
निघताना इराला डब्यातलं दुसरं बिस्किट दिलं.

बुध., १७ सप्टें.
खेमेन्तेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, तक्रार केली. फॉर्म मी भरला, डचमध्ये, शब्दकोश मांडीवर. इन्स्पेक्टर येतील, पण लगेच नाही.

यो. सायकलवर त्या गल्लीतून जाऊन आला. चौदा नंबरचं छत बंद. दुसऱ्या कोणीतरी बोर्ड मारले. पांढरेशुभ्र, रंगसुद्धा झालाय.
त्याला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बूट न काढता, जिन्यात.

शुक्र., १९ सप्टें.
रॉबचा फोन. यो. बाथरूममध्ये, मी उचलला.
"मॅडम, तुमचे मिस्टर उत्तम कारागीर आहेत. पण ते इथले नाहीत. इथे आपण गोष्टी जरा सामोपचारानं करतो."
"मीही इथली नाही," म्हटलं. "तुळई इथली आहे. ती कुजलीय."
फोन ठेवला. ऑफिसात पंधरा वर्षं "नोटेड, थँक्स" लिहीत आले, त्या सगळ्याचं आज एकदम उट्टं निघालं. चहा केला, आलं जास्तच पडलं. मस्त लागला.

रवि., २१ सप्टें.
पुण्याला फोन. सगळं सांगितलं. योखनला कामावरून घरी बसवलंय, का बसवलंय ते, आणि हेही, की तो सुतार आहे आणि यापुढे मी तेच सांगणार, तुम्ही लोकांना काय सांगायचं ते बघा.
मागून बाबा म्हणाले, फोन दे इकडे.
"फोटो काढलेत का त्यांनी?"
"हो."
"छत बंद करायच्या आधीचे? तारखेसकट?"
"हो बाबा."
"मग सही करायची नाही. काही झालं तरी. सांग योखनरावांना." मग आवाज खाली आणून, "मी दोनदा सह्या केल्या होत्या."
कशावर, कधी, विचारायच्या आत फोन आईकडे. आई म्हणाली, इराला सर्दी आहे का?

यो.ला सांगितलं. त्यानं माझा हात धरला. मग म्हणाला, त्यांना हे बोलणं किती जड गेलं असेल.

सोम., २९ सप्टें.
टिनेकेला उद्या चाव्या. म्हटलं, घेऊ नका. त्या म्हणाल्या, घेणार. "चावी घेतली की घर माझं. आणि माझ्या घरी इन्स्पेक्टरसाहेबांना मी कॉफीला बोलावलंय. बुधवारी दहाला." नगरपालिकेत रोज फोन करत होत्या म्हणे. रोज. शेवटी तिथली माणसं कंटाळली.

बुध., १ ऑक्टो.
सुट्टी टाकली. इराला शाळेत सोडून टिनेकेकडे गेलो. नवा रंग, नव्या पडद्यांचा वास. इन्स्पेक्टर तरुण, उंच, पाय पुसून आत आला. छताकडे बघून म्हणाला, हे तर व्यवस्थित दिसतंय. बंद छत मी उघडू शकत नाही.
रॉबही आला होता. "या छताला हात लावलात तर ते नुकसान धरलं जाईल."
टिनेके खुर्चीत बसलेल्या. "योखन, मला माझ्या छताला एक भोक हवंय."
यो.नं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

शिडी, पेन्सिल, चौकोन. मोजला दोनदा, अशा वेळीसुद्धा. मग करवत. पांढरी भुकटी सगळ्यांच्या डोक्यावर, रॉबच्या कोटावर. तुकडा त्यानं पडू दिला नाही, अलगद उतरवून भिंतीला टेकवला.
इन्स्पेक्टर शिडीवर चढला, टॉर्च आत, डोकं आत. मग हात. खाली उतरला तेव्हा मुठीत काळा भुगा. रुमालात घेतला. फोटो काढले. रॉबकडे बघितलं नाही, आमच्याकडेही नाही.
"अहवाल देईन. तोवर वर कोणी झोपू नका."
बस. एवढंच. टिनेकेंचं अंथरूण आम्ही दोघांनी मिळून खाली मागच्या खोलीत आणलं. पियानो अजून वर चढवलेला नव्हता, तेवढं बरं.

गुरु., ९ ऑक्टो.
अहवाल नाही. वकिलाचं पत्र आलं. छताची नुकसानभरपाई, कंपनीची बदनामी, चौदा दिवसांत उत्तर द्या. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा राग आला, तो अजून आहे. आम्हालाही वकील बघायला हवा. योखन म्हणाला, आपण हरूसुद्धा शकतो. म्हटलं, हरू.

संध्याकाळी बेल. दारात त्याच रांगेतल्या बारा नंबरचे नवरा-बायको, तान्हं बाळ कडेवर, आणि मागे वीस नंबरची सुरिनामी बाई. तिघांचं एकच म्हणणं, आमच्याकडेही येऊन बघाल का. रॉबनं सांगितलंय, त्या जर्मनाला घरात घेतलंत तर बघा.
"मग?" योखननं विचारलं.
"म्हणून तर आलो," बाई म्हणाली.

उद्या सकाळी आठला बारा नंबर. बाळाच्या पाळण्यावरचं छत आधी. मी परत सुट्टी टाकलीय, मॅनेजरला कारण खरं लिहिलं. शिडी मी धरणार आहे.