फुलदाणीच्या पट्टीखाली

आप्पा, तुम्ही खोटं बोललात, आणि आपण खोटं बोलतोय हे तुम्हाला ठाऊक होतं. यातली पहिली गोष्ट मला लहानपणापासून वाटत आली होती. दुसरी गेल्या आठवड्यात कळली. तोवर मी तुमच्या बाजूनं थोडी जागा शिल्लक ठेवली होती. वाटायचं, विसरले असतील, ज्या साहेबाकडून गाडी घेतली त्यानं जे सांगितलं ते खरं धरलं असेल, दुकानाच्या व्यापात कुठं लक्षात राहतंय. तुम्ही गेल्यावर तर ती जागा मी आणखी मोठी केली. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मला वाटतं ही म्हण अशाच कुणीतरी काढली असेल ज्याला आपल्या माघारी लोक काय बोलतील याची धास्ती होती. मी आज रागावूनच लिहायला बसले आहे आणि तो राग शेवटपर्यंत उतरेल असं मला वाटत नाही.

तुमची जर्मन गाडी परवापर्यंत लोहाऱ्यात, दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. सोलापूरच्या गिरणीतला एक ख्रिस्ती साहेब नोकरी सोडून निघाला तेव्हा तुम्ही ती त्याच्याकडून घेतली. मी तेव्हा पाळण्यात होते. तालुक्याच्या गावात एका कापडदुकानदाराकडं असली गाडी म्हणजे नवलच. पोरं तिला कासव म्हणायची आणि तुम्हाला ते आवडायचं नाही. घरी कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी गाडी. दार उघडून तुम्ही त्याला पुढच्या सीटवर बसवायचा आणि स्वतः बाहेर उभं राहून, खिडकीतून हात घालून, समोरच्या पत्र्यावरची एकेक वस्तू दाखवायचा. हस्तिदंती रंगाची बटणं, घड्याळ, हाताला धरायची दांडी. "लढाईत बेचिराख झालेल्या मुलखानं बनवलीया ही. घरावर छप्पर न्हाय, पन गाडीत घड्याळ पाहिजे! ह्येला म्हनतात मानसं." आणि सगळ्यात शेवटी ती पांढरी, वीतभर उंचीची, निळ्या फुलांची चिनीमातीची फुलदाणी. "ही बी कंपनीचीच. जर्मनीहून गाडीसंगंच आली."

आणि तुमची बायको, माझी अव्वा, म्हणायची, ती माझ्या भावानं आणली. भाऊबीजेला, ओवाळणी म्हणून.

मामा हैदराबादला एका हॉटेलात गल्ल्याच्या मागं कपबश्या विसळायचा. तुमच्या लेखी त्याची ओळख तेवढीच होती. मला तो धूसर आठवतो, बारीक, हसरा, कानडीत अव्वाशी भरभर बोलणारा, आणि तुम्ही समोर आलात की गप्प होणारा. अव्वाचं म्हणणं असं की गाडी घेतल्याच्या पहिल्याच दिवाळीला तो एसटीनं आला, ती फुलदाणी धोतराच्या घड्यांत गुंडाळून मांडीवर धरून. बहिणीच्या घरात जर्मन गाडी आली, तर तिला शोभेल अशी वस्तू पाहिजे म्हणून हैदराबादच्या जुन्या बाजारात कितीतरी सुट्ट्या हिंडला होता म्हणे. ती बसवायला पितळेची पट्टीसुद्धा त्यानंच करून आणली होती.

एक दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मी स्वयंपाकघरात अव्वाच्या शेजारीच होते. तहसील कचेरीतले साहेब जेवायला आहेत. कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरलेली वांगी. बाहेर तुमचं गाडीपुराण चाललं आहे आणि पाहुणा फुलदाणीचं कौतुक करतो आहे. अव्वा वाढायला गेली आहे. दाराशीच थांबते आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "ती माझ्या भावानं दिलीया." तुम्ही हसलात, आप्पा. तुम्ही चिडला असता तर मी एकवेळ समजून घेतलं असतं. तुम्ही हसलात आणि पाहुण्याकडं वळून म्हणालात, "हिच्या भावाला बैलगाडीची ऐपत न्हाय, आन म्हनं जर्मनीची फुलदानी! बाईमानसाला काय कळतंय गाडीतलं?" सगळे हसले. अव्वा आत आली, तुपाचं भांडं घेतलं आणि परत जाऊन सगळ्यांच्या वरणावर तूप वाढलं. तुमच्याही. मी आज साठीला आले आहे आणि तो तुपाचा चमचा आठवला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मग मामा गेला. मी सातवी-आठवीत असेन. अव्वा हैदराबादहून परत आली ती हात हलवत, कारण त्याच्या मागं आणण्यासारखं काही नव्हतंच. काही दिवसांनी तुमची जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "अवो, ती फुलदानी मला काढून द्या. देव्हाऱ्यापशी ठेवते." आयुष्यात तिनं तुमच्याकडं एवढी एकच वस्तू मागितलेली मला माहीत आहे. तुम्ही सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणालात, "गाडीचा पार्ट काढत नसतात. गाडी बाद होती." तुम्हाला हे म्हणताना काहीच वाटलं नाही? त्याच गाडीतला राखदाणीचा खण तुम्ही स्वतः उपटून फेकला होता, आपल्या घरात विडी-काडी शोभत नाही म्हणून, आणि तिथं बसवेश्वरांची तसबीर चिकटवली होती. तो पार्ट तर खरोखर कंपनीचा होता! त्यानं गाडी बाद झाली नाही. बायकोचा भाऊ बाहेर काढला असता तर बाद झाली असती.

पोरींनी गाडीत हात घालायचा नाही, हाही तुमचाच कायदा. तो मी तुम्ही गेल्यावर मोडला. धाराशिवला शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हा सुट्टीत इथं येऊन ती गाडी खोलायला, पुसायला लागले, मग जुन्या गाड्यांची माहिती गोळा करायचा नादच लागला. जगभर वेडे लोक आहेत, आप्पा, तुमच्यासारखेच, पण बरेचसे प्रामाणिक. घड्याळ उलटं केलं की पाठीवर महिना आणि वर्षाचा फिकट शिक्का असतो, तो गाडीच्या वयाशी जुळतो का ते बघायचं. त्या काळच्या स्क्रूला एकच आडवी खाच असायची, फुलीचा स्क्रू दिसला की मागाहून कुणीतरी हात घातला समजायचं. बटण नखानं वाजवलं की जुनं बेकेलाइट आणि नवं प्लास्टिक यांचा आवाज वेगळा येतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वस्तू त्या काळातली असणं वेगळं आणि त्या गाडीतली असणं वेगळं. आता लोक मला फोटो पाठवून विचारतात, बाई, हे मूळचं आहे का बघा. आणि मी परक्यांच्या गाड्यांतल्या वस्तूंचा न्याय करत बसले, आपल्या गाडीतली ती पट्टी मात्र कधी काढली नाही. ती मी का काढली नाही हे मी स्वतःलाही विचारलं नाही.

शेवटी निमित्त झालं ते शेडचं. ते पाडायचं आहे, म्हणून गाडी पुण्याच्या एका जुन्या गाड्या जपणाऱ्या गृहस्थांना द्यायचं ठरवलं. ते बघायला आले. वस्तू मूळच्या किती आणि मागून बसवलेल्या किती, हे खुणेसह दाखवा म्हणाले. घड्याळ दाखवलं, मूळचं. दांडी, मूळची. फुलदाणीपाशी आलो. ती पट्टीतून उचलून उलटी केली. बुडावर शिक्का आहे, जर्मनी, अमेरिकी विभाग. लढाईनंतर जेत्यांनी त्या देशाचे तुकडे करून वाटून घेतले होते, त्या थोड्याच वर्षांत मातीच्या भांड्यांवर असा शिक्का मारत. म्हणजे फुलदाणी अस्सल. गृहस्थ खूश झाले. एक क्षण मला वाटलं, आप्पा खरं बोलत होते, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. मग मी पट्टीचे स्क्रू बघितले. फुलीचे.

पट्टी काढली. खाली पत्र्यावर हळदीचा पिवळा डाग होता, त्यावर लाल कुंकू, आणि दोन्हीवरून आडवी भस्माची तीन बोटं. उन्हात हळद विटते, पण पट्टीखाली ऊन पोचलं नव्हतं, तिथं काल पूजा केल्यासारखा रंग होता. त्या ख्रिस्ती साहेबानं काही गाडीला भस्म लावलं नसणार. खंडेनवमीला गाडीची पूजा तुम्ही करायचा, आणि मला आठवतं तेव्हापासून तीन बोटं तुम्ही उजवीकडं, स्टिअरिंगच्या बाजूला ओढायचा, कारण मधे फुलदाणी होती. ही मधली बोटं त्याच्या आधीची, गाडी घरी आल्यावरच्या पहिल्या दसऱ्याची. त्यानंतर तीन आठवड्यांनी दिवाळी. भाऊबीज. अव्वा म्हणायची अगदी तसंच. आणि गाडीला तुमच्याशिवाय कुणाचा हात लागत नव्हता, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. म्हणजे भोक पाडणारे तुम्ही. स्वतः ओढलेल्या भस्मातून तुम्ही ड्रिल घातलं, मेव्हण्यानं आणलेली पट्टी बसवली, तो शेजारी उभाही असेल, आणि नंतर जन्मभर पाहुण्यांना सांगत राहिलात, कंपनीची. का, आप्पा? त्यानं तुमचं काय घोडं मारलं होतं? कपबश्या विसळणाऱ्या माणसानं तुमच्या गाडीला शोभणारी, नेमक्या त्याच काळातली, अस्सल वस्तू शोधून आणली, हेच ना? तुमच्या ऐटीला कुणाचा हातभार लागला हे तुम्हाला सोसलं नाही.

मी त्या गृहस्थांना सांगितलं, ही त्या काळातली आहे, पण या गाडीतली नाही. ते सहज म्हणाले, "मग राहू द्या ना तुमच्याकडे." बस. एवढंच होतं. गाडी बाद झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा अंगणात उन्हाला बसली होती. मी फुलदाणी धुऊन तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं, हळद, कुंकू, भस्म, बुडावरचा शिक्का. म्हणाले, "अव्वा, तू खरं बोलत हुतीस. मामानंच आनली." ती बोटांनी निळी फुलं चाचपत राहिली. मग हसली. तुमच्यासारखंच हसली, आप्पा, थोडी मान तिरकी करून. "माझ्या भावाला बैलगाडीची ऐपत न्हाय, त्यो कुठली जर्मनीची आनतोय? कंपनीची हाय ती." मी पुन्हा सांगितलं, जरा चढ्या आवाजात. तिनं घाबरून दुकानाच्या दाराकडं बघितलं, फुलदाणी पदराखाली घेतली आणि कुजबुजली, "परत लाव जा गं. गाडीचा पार्ट काढलेला त्यांना खपत न्हाय. येतील आता."

तिचं बाकी सगळं ठीक आहे. माझं नाव, नातवंडांची नावं, कुठल्या डब्यात कुठली डाळ, सगळं लक्षात आहे. तुम्ही नाही हेही तिला एरवी ठाऊक असतं. फक्त या एका वस्तूपुरता तिचा भाऊ तुम्ही तिच्या डोक्यातून पुसून काढलात आणि तिथं तुमचं वाक्य बसवलंत. ते मला कुठल्याच पान्यानं खोलता येत नाही.

पट्टी काढली त्या रात्रीच हे पत्र लिहायचं ठरवलं, तेव्हा वाटलं होतं, तुम्हाला तर पोचायचं नाही, पण अव्वाला वाचून दाखवीन. आता तेही करणार नाही. कारण त्या सकाळी मी तिच्या पदराखालून फुलदाणी काढून घेतली आणि म्हणाले, "व्हय अव्वा. कंपनीचीच हाय. लावते परत." तिचा चेहरा एकदम निवळला. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "शानी हाईस."

गाडी पुण्याला गेली. फुलदाणी माझ्या कपाटात, साड्यांच्या मागं आहे. अव्वा रोज एकदा विचारते, लावलीस ना. आणि मी रोज हो म्हणते.