बरं वाटत असताना घ्यायची गोळी

खमीस मुशैत, सौदी अरेबिया,
१८ जानेवारी २०२५

प्रिय नंदाताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. इथे डोंगरावर कडक थंडी पडलीय. सकाळी ड्यूटीला निघताना धुक्यात समोरची बसही दिसत नाही. तुझी भाची सुखदा मजेत आहे. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते, तुझ्याशी मात्र फोनवर मराठीच बोलते. आमच्या बिल्डिंगमधला रमेश सुट्टीवर चिपळूणला येतोय, त्याच्याबरोबर हे पत्र पाठवतेय. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसले.

आमच्या केमोच्या वॉर्डातल्या उमामाबद्दल तुला सांगायचंय. साठीची बाई. शेळ्यामेंढ्या पाळते, आवाज मोठा. पहिल्या केमोला आम्ही तिला आधी उलटीचं औषध दिलं, घरी न्यायला गोळ्याही दिल्या. घरी जाऊन ती पोटभर जेवली. बरं वाटतंय तर गोळ्या कशाला, म्हणून त्या तशाच ठेवून दिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मळमळ सुरू झाली आणि मग उलट्या थांबेचनात. पाण्याचा घोटही पोटात ठरेना. शेवटी सलाईन लावायला आणावं लागलं.

जरा उभी राहिल्यावर ती आमच्या डॉक्टर रहमतुल्लांना म्हणाली, "खलास. मरण आलं तर येऊ दे, पण ती उलटी नको."

मला वाटलं, ही काही आता परत येत नाही. पण डॉक्टर विचारत गेले तसं तिनं सगळं सांगितलं. कपडे खराब झाले ते, सुनेनं लादी पुसली तेव्हा वाटलेली लाज, दुधाच्या नुसत्या वासानं ढवळणारं पोट. काही म्हणजे काही लपवलं नाही. सोसणाऱ्या बाईचं आपल्याकडे फार कौतुक होतं, ताई. मला त्या दिवशी सांगणाऱ्या बाईचं वाटलं.

डॉक्टरांनी समजावलं, ही उलटी उशिरा येते. एकदा सुरू झाली की आवरणं कठीण, म्हणून बरं वाटत असतानाच गोळ्या घ्यायच्या. रात्रीची एक गोळी त्यांनी वाढवली. त्या गोळीनं झोप येते, हेही सांगून ठेवलं. उमामानं गोळ्या मोजून पिशवीत टाकल्या. मग म्हणाली, "एकदाच. फसवलंत तर तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही."

दुसऱ्या केमोनंतर मी तिला रोज फोन करत होते. म्हणाली, मळमळ होते थोडी, पण जेवण जातंय. झोप इतकी येते की सुनेशी भांडायला वेळ मिळत नाही. परवा चौथ्या केमोला आली ती कहव्याचा, इथल्या कॉफीचा, थर्मास घेऊनच, आणि वॉर्डातल्या सगळ्यांना आग्रह करकरून पाजला.

आता खरं लिहिते. भाऊजींनी मला सगळं सांगितलंय. पहिल्या केमोनंतर तू न्हाणीघराच्या दाराला टेकून बसून राहिलीस ते, आणि दुसऱ्याला जाणार नाही म्हणालीस तेही. डॉक्टरांना मात्र सांगितलंस, ठीक होतं. आई गेल्यावर मला वाढवलंस, तेव्हाही कधी कुणापाशी हूं की चूं केलं नाहीस. तुझ्या त्या धीरावरच मी नर्स झाले, इथवर आले. पण या आजारात गप्प राहिलीस तर औषध कसं बदलणार गं कुणी?

सगळ्यांनाच उमामासारखा गुण येईल असं मी म्हणणार नाही. मी नर्स आहे, खोटा भरवसा देणार नाही. पण बदलून बघण्यासारखी औषधं आहेत. ती न बघताच तू नको म्हणू नकोस.

माझी रजा मंजूर झालीय, जाऊन परत येण्याचा व्हिसाही हातात आलाय. तुझ्या दुसऱ्या केमोच्या तारखेआधी मी घरी पोचते. विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. डॉक्टरांसमोर मी तुझ्या शेजारी बसेन. बोलायचं मात्र तू.

"मला फार त्रास झाला" एवढं तुझ्या तोंडून ऐकायला निघालेली,

तुझी
क्षमा